खाऱ्या पाण्याची टाकी

धुळ्याला देवपुरात एका कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवत होते. नव्वदच्या सुमारासची गोष्ट. अलिबागच्या सहलीवरून येताना मी समुद्राच्या पाण्याचे सहा कॅन आणि खडकांतल्या डबक्यातले दोन बोटभर मासे एसटीतून घेऊन आले. कंडक्टरने कॅनांचंही तिकीट फाडतो म्हणून दम दिला. कॉलेजातल्यांनी तर मला वेड्यात काढलं. खानदेशात समुद्र पाळणारी बाई, अशी माझी कीर्ती झाली. मला ती आवडायची, उगीच खोटं कशाला सांगू.

मासे मोठ्या काचेच्या टाकीत होते. एका परदेशी मासिकातला लेख वाचून मी शेजारी आणखी एक छोटी टाकी ठेवली होती. तिच्यात मासे नव्हते. होतं ते समुद्रातलं हिरवं, घोसाघोसांचं शेवाळ आणि त्याच्याबरोबर आलेली तांदळाएवढी कोळंबीची पिल्लं. पंपाने पाणी या टाकीतून त्या टाकीत फिरायचं. माशांची घाण शेवाळ खायचं आणि पाणी स्वच्छ राहायचं. पहिले तीन महिने सगळं झकास चाललं.

थंडी सुरू झाली आणि छोट्या टाकीत दुसरंच शेवाळ माजलं. बारीक, केसांसारखं, बुळबुळीत. त्याने चांगल्या शेवाळाला गुंडाळून टाकलं. मी जुन्या टूथब्रशने ते खरवडायची, काडीवर गुंडाळून ओढून काढायची. दिव्याचे तास कमी केले. माशांचं खाणं निम्मं केलं. आठवड्यात पुन्हा तेच. चांगलं शेवाळ पांढरं पडून कुजू लागलं, पाण्याला वास येऊ लागला आणि एके दिवशी दोन्ही मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले. मीच त्यांना समुद्रातून उचलून आणलं होतं. आता ते इथे मेले असते तर खापर दुसऱ्या कुणावर फोडणार होते?

पण फोडलं मी. आमच्या प्रयोगशाळेत एक परिचर होते, सगळे त्यांना नाना म्हणत. उडालेल्या पाण्याची भर ते घालायचे. ती बॅटरीत घालतात त्या पाण्याचीच घालायची, असं मी बजावलं होतं. नाना आळसाने बोअरचं पाणी ओतत असणार, हे मी मनाशी पक्कं केलं आणि बीएस्सीच्या मुलांसमोर त्यांना झाडलं. राग तेव्हा माझ्या नाकावरच असायचा. वडिलांच्या वयाचा माणूस मान खाली घालून उभा राहिला.

त्यानंतर पाण्याची भर मी स्वतः घालू लागले. शेवाळ वाढतच राहिलं.

मग एका दुपारी मुलं परेडला गेली म्हणून माझा तास लवकर सुटला. प्रयोगशाळेच्या दारात पोचले तर आत माझे वडील उभे. आबा रिटायर झाल्यापासून रोज माझा डबा घेऊन यायचे. त्यांच्या तळहातावर रुमाल उघडा होता आणि ते कणकेच्या गोळ्या एकेक करून छोट्या टाकीत सोडत होते. पांझरा नदीवर माशांना कणीक घालण्याचा आईचा नेम होता. वर्षापूर्वी ती गेली, तेव्हापासून तो नेम आबांनी सांभाळला होता. नाना शेजारी उभे होते आणि आबा त्यांना सांगत होते, "मोठ्यांना सगळेच घालतात. ही बारकी उपाशी राहतात."

मी तशीच मागे फिरले. आबा गेल्यावर नानांना गाठलं आणि एवढं बोलून घेतलंत, सांगितलं का नाहीत, असं विचारलं. ते टेबल पुसता पुसता म्हणाले, "ताई, त्या तुमना वडील शेतस. मासासले चारतांना त्या हसतस." माशांना चारताना आबा हसतात, एवढ्यासाठी नानांनी माझं बोलणं खाल्लं होतं.

मी त्यांची माफी मागितली. झाडलं होतं चारचौघांत, माफी मागितली कोपऱ्यात. त्याची लाज मला आजही वाटते.

घरी आबांशी त्या संध्याकाळीच बोलले. फार समजूतदारपणे बोलते आहे असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात मी वर्गातल्यासारखंच सगळं सांगत गेले. कणीक पाण्यात विरघळते, कुजते, त्यावर वाईट शेवाळ पोसतं, मग पाण्यातली हवा संपते आणि मासे मरतात. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे तुझी आई इतकी वर्षं माशांना मारतच होती का गं?"

नदीचं पाणी वाहतं असतं आबा, तिथे चालतं. एवढंच म्हणायचं होतं. एम.एस्सी. झालेल्या बाईला ते त्या वेळी सुचलं नाही. ते उठून आत गेले.

पंधरा दिवसांत शेवाळ ओसरलं आणि मासे वाचले. नदीचं मी आबांना नंतर सांगितलं, दोनदा सांगितलं. ते हो हो म्हणाले, पण कणीक घेऊन पांझरेवर परत कधी गेले नाहीत.