चुनखडीच्या पठारावर, ब्रेक दाबून

शनिवारी सकाळी सहा वाजता मी जपानमधल्या नागोया स्टेशनच्या फलाटावर हेल्मेट हातात धरून उभी होते आणि स्वतःला विचारत होते, बाई गं, कुणी सांगितलं होतं तुला हे?

सांगितलं कुणीच नव्हतं. महिन्याभरापूर्वी आमचे साहेब मोरिता-सान ऑफिसात सहज म्हणाले होते, "जोशी-सान, तुम्हाला सायकल येते का?" पुण्याच्या बाईला असला प्रश्न! मी ताडकन म्हटलं, "म्हणजे काय! मी पुण्याची आहे." माझ्या डोळ्यांसमोर होती टोपलीवाली लेडीज सायकल आणि शाळेचा सपाट रस्ता. त्यांच्या डोळ्यांसमोर होतं यामागुचीकडचं चुनखडीचं पठार, त्याच्या कडेकडेने जाणारी कच्ची वाट आणि जाड टायरच्या सायकली. दुसऱ्याच दिवशी ऑफिसच्या सायकल गटाच्या यादीत माझं नाव लागलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

नाही म्हणता आलं असतं, पण माझा जीव भलत्याच गोष्टीत अडकला होता. माझं पोस्टिंग मार्चअखेर संपत होतं आणि ते वाढवायचं की नाही हे मोरिता-सानांच्या हातात होतं. माझी मुलगी सई एप्रिलमध्ये इथे पहिलीत जायची होती. जपानला आल्यावर पहिलं अख्खं वर्ष ती पाळणाघरात एक शब्द बोलली नव्हती. आता कुठे तिला एक मैत्रीण मिळाली होती, आणि मी मराठीत काही विचारलं की पोरगी जपानीत उत्तर द्यायची. पुण्यातली नोकरी सोडून माझ्याबरोबर आलेला माझा नवरा निखिल म्हणायचा, "आता पुन्हा नको गं हिला उपटायला." मी मोरिता-सानांना दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यांनी दातांतून श्वास आत ओढला आणि "विचार चालू आहे" म्हणाले. हे हो की नाही? सगळ्या ऑफिसला विचारलं, प्रत्येकाने वेगळं सांगितलं.

त्यात माझं एक पाप होतं. दर सोमवारच्या बैठकीत मी छातीठोकपणे सांगत होते, "मार्चअखेर सगळं काम संपेल." प्रत्यक्षात माझ्याकडचं टेस्टिंग पाच आठवडे मागे होतं. पण साहेबांच्या तोंडावर "नाही जमणार" म्हणायचं, हे पुण्यातल्या आमच्या कंपनीत कुणी शिकवलंच नव्हतं. होईल म्हणायचं आणि मग रात्रंदिवस मरायचं, हीच पद्धत.

शिनकानसेनमध्ये (इथली बुलेट ट्रेन) सगळ्यांनी डबे उघडले. माझ्या डब्यात निखिलने दिलेले पराठे होते. शेजारी बसलेल्या तानाबे-सान या आमच्या टीममधल्या अबोल बाई. त्यांनी एक तुकडा चाखला आणि लोणच्याने डोळ्यांत पाणी आलं तरी "छान आहे, छान आहे" म्हणत राहिल्या. खरंच छान होतं की नव्हतं, कोण जाणे! या देशात मला कळायचंच नाही.

स्टेशनवरून बसने तासभर गेल्यावर पठार दिसलं आणि मी क्षणभर सगळं विसरले. नोव्हेंबरातलं सोनेरी गवत, एकामागून एक उठत-बसत गेलेल्या टेकड्या आणि गवतात जिकडेतिकडे पांढरे दगड, गच्चीवर सांडगे वाळत घातल्यासारखे. मधूनमधून जमीन वाटीसारखी खाली गेलेली. याला इथे दोरिने (पाण्याने चुनखडी विरघळून झालेला खड्डा) म्हणतात. अशा खड्ड्यांच्या तळाशी लाल माती साचते आणि गावकरी तिथे शेती करतात.

पायथ्याच्या दुकानातून भाड्याच्या सायकली घेतल्या. माझी सायकल मला पेलेना. गिअर एकवीस! शाळेच्या सायकलला एकही नव्हता. मोरिता-सानांनी रांग लावली: पुढे ते, मध्ये पाच जण, सगळ्यात शेवटी मी. म्हणाले, "शेवटचा माणूस अनुभवी हवा." अनुभवी! कर्म माझं.

चढावर मी सरळ उतरून सायकल ढकलली. मागे कुणी नव्हतं, त्यामुळे अब्रू शाबूत राहिली. उतारावर मात्र दोन्ही ब्रेक घट्ट दाबून, डोळे अर्धे मिटून, खडीवरून घसरत उतरत होते. दर वळणावर तानाबे-सान थांबून मागे बघायच्या आणि मी हात हलवून "मजेत, मजेत" अशी खूण करायचे. बोटं बधिर झाली होती.

दुपारी धुकं आलं. आलं म्हणजे बघता बघता डोंगर गेला, वाट गेली, पुढच्या सायकली गेल्या. एका फाट्यावर मी थांबले. डावीकडे की उजवीकडे? पाटी होती, पण तिच्यावरची अक्षरं मला वाचता येईनात. उजवीकडे वळले. वाट खाली उतरत गेली, उतरतच गेली, आणि मी सायकलसकट एका दोरिनेच्या तळाशी मऊ मातीत जाऊन आडवी झाले.

"अगं आई गं!" मराठीतच ओरडले.

धुक्यातून एक आजी आल्या, डोक्याला फडकं, हातात लांब फावडं. त्यांच्या शेतात मी पडले होते. गोबो (हातभर लांब, काळपट मूळ, भाजीसाठी) काढणं चाललं होतं. मी उठून कमरेत वाकून वाकून माफी मागू लागले.

"गोबोला काही झालं नाही," आजी म्हणाल्या. "तुला लागलं?"

"नाही."

"खोटं. गुडघा बघ."

गुडघ्यातून रक्त येत होतं. त्यांनी थर्मासमधल्या कोमट चहाने ते धुतलं, उरलेला चहा मला दिला आणि विचारलं, "कुठची गं तू?"

"नागोयाची."

त्या खो खो हसल्या. मला हसू येईना, रडूच आलं. गुडघ्याचं नव्हतं ते. परक्या देशात, खड्ड्यात, धुक्यात, सईला पुन्हा गप्प करायला निघालेली मी एक बावळट आई आहे असं वाटलं. आजी मुळा खणावा तसं एकेक गोबो खणत राहिल्या. अर्ध्या तासाने शिट्टी ऐकू आली, आणि मोरिता-सान सायकल टाकून पायी धावत खाली आले. चेहरा पांढराफटक. माझ्याकडे बघून त्यांनी आधी आजींची माफी मागितली, मग माझी. माझी का, ते मला कळलं नाही.

संध्याकाळी मुक्कामाच्या घरगुती लॉजवर, गरम पाण्याच्या स्नानानंतर, जेवणाआधी सगळे चटईवर गोल बसले. हानसेइकाइ (काम झाल्यावर आपापल्या चुका सांगण्याची बैठक) होती. मला वाटलं, आढावा. आढाव्यात काय बोलायचं ते आम्हाला झोपेतही पाठ. पहिली पाळी माझी आली. मी घसा साफ करून सांगितलं, "ठरलेल्या अठरा किलोमीटरपैकी अकरा पूर्ण. उरलेलं हवामानामुळे राहिलं. पाटीही स्पष्ट नव्हती."

सगळ्यांनी चहाचा एकेक घोट घेतला.

मग तानाबे-सान म्हणाल्या, "जोशी-सान चढावर सायकल ढकलत होत्या हे मी पाहिलं. तरी थांबा म्हटलं नाही. माझी चूक." आणि मोरिता-सान म्हणाले, "त्यांना नीट न विचारता मी शेवटी ठेवलं. धुक्याचा अंदाज होता, तरी निघालो. मोठी चूक." आणि साहेब, आमचे साहेब, चटईला कपाळ टेकेपर्यंत वाकले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, "मला पुन्हा बोलायचंय." आणि एकदा तोंड उघडल्यावर ते थांबेचना. "मी डोंगरावर कधीच सायकल चालवलेली नाही. विचारलंत तेव्हा नाही म्हणायची लाज वाटली. आणि ऑफिसातही तसंच केलंय. टेस्टिंग मार्चअखेर होणार नाही. पाच आठवडे जास्त लागतील. मला सप्टेंबरपासून माहीत आहे."

झाकली मूठ सव्वा लाखाची, ती मी सगळ्यांसमोर उघडून बसले. मोरिता-सानांनी खिशातून वही काढली, काहीतरी लिहिलं आणि "सो देसु का" (असं होय) एवढंच म्हणाले. मग जेवण आलं. गोबो घातलेलं सार होतं. माशाच्या वासाकडे लक्ष न देता मी ते पिऊन टाकलं. चव आठवत नाही.

रविवारी परतीच्या गाडीत मी खिडकीकडे तोंड करून बसले होते. संपलं सगळं, आता निखिलला काय सांगू? नागोयाला उतरल्यावर मोरिता-सान फलाटावर थांबले.

"जोशी-सान, तुमच्या मुदतवाढीचा कागद दोन आठवडे माझ्या टेबलावर आहे. सही करता येत नव्हती."

"माझं काम वाईट होतं म्हणून?"

ते गोंधळून माझ्याकडे बघत राहिले. "तुम्ही म्हणत होतात, मार्चअखेर सगळं संपेल. सगळं संपणार असेल, तर मार्चनंतर तुम्हाला ठेवायचं कारण मी काय लिहिणार?"

माझ्या पायाखालची जमीन सरकली. दर सोमवारी मी स्वतःच्याच हाताने सईचा गाशा गुंडाळत होते!

"उद्या लिहितो," ते म्हणाले. "जून अखेरपर्यंत. पुढचं मला माहीत नाही. तारीख चुकली याबद्दल मात्र उद्या नऊ वाजता मला सविस्तर बोलायचंय." वाकले आणि मेट्रोच्या जिन्याकडे निघून गेले. रागावले होते की नव्हते, अजूनही सांगता येणार नाही.

घरी सई झोपायला निघाली होती. निखिलला मी सगळं एका दमात सांगितलं. त्याने एप्रिल, मे, जून असं बोटांवर मोजलं. मग म्हणाला, "म्हणजे पहिलीचे तीन महिने. इथलं ते चामड्याचं दप्तर सहा वर्षं टिकतं म्हणतात. घ्यायचं का?"

मी सईकडे पाहिलं. ती दारात उभी राहून ऐकत होती. हल्ली मराठी विसरली की काय असं मला वाटायचं. पण तिने सगळं ऐकलं होतं आणि तिला सगळं कळलं होतं.

"आई," ती मराठीत म्हणाली, "तीन महिने झाले की मी ते दप्तर पुण्याला पण नेईन."