ममता सिस्टरचा हातगुण

ममता मुनेश्वर ही सरकारी नर्स. बाभुळगाव तालुक्यातल्या एका उपकेंद्रात तिला आठ वर्षं झाली, आणि एवढ्या काळात तिने एकही चमत्कार केला नाही. तरी गावाने तिच्या नावावर डझनभर चमत्कार जमा केले, ते गावाचं औदार्य.

ती नवीन आली तेव्हा इथली लेकरं आजारी पडत ती सगळ्या जगासारखीच: हगवण, ताप, सर्दी-खोकला, खरूज. त्यावरची औषधंही साधीच होती. पण आयांना साधं नको होतं, सुई हवी होती. हगवण लागलेल्या लेकरासाठी ममताने जलसंजीवनीची पुडी पुढे केली की बाया तोंड वाकडं करून ती घेत, आणि पुढच्या घरभेटीला तीच पुडी आरशामागे खोचलेली दिसे. तानाबाई नावाची एक खमकी सासू होती. गावातल्या निम्म्या सुना तिच्या डोळ्यांकडे पाहून श्वास घेत. ती एकदा बाकावरूनच म्हणाली, "मिठासाखरेचं पानी त माह्याही घरी हाय. सुई मारत नाई, मंग शिस्टर कायची?"

शेजारच्या गावात रामधन नावाचा म्हातारा झाडपाल्याचं औषध देई. त्याच्याकडे लोक पायी जात. ममताला राग येई, पण एक गोष्ट तिच्या लक्षात आली. रामधनचं औषध कोणतं, हे कुणी विचारत नसे. परहेज काय, हे मात्र तीनतीनदा विचारून घेत. दही बंद, वाटेत बोलायचं नाही, मागे वळून पाहायचं नाही. ज्या औषधाला परहेज नाही ते औषधच नव्हे, असा इथला हिशेब होता.

पुढच्याच आठवड्यात तानाबाईचा नातू बंटी हगवणीने मलूल झाला. ममताने पुडी काढली, पण हातात दिली नाही. आवाज उतरवून म्हणाली, "द्याले देतो, पन याचं परहेज लय कडक हाय. तुमच्यानं होईन काय?"

तानाबाई बाकावरून उठून उभी राहिली. तिच्याने होईल का, असं विचारणारं माणूस आयुष्यात प्रथमच भेटलं होतं.

परहेज असं. पाणी उकळून गार केलेलं, मोजून एक लिटर, त्यात अख्खी पुडी. पाजणाऱ्याने कोपरापासून साबणाने हात धुवायचे, मग दुसऱ्या कशालाही शिवायचं नाही. एक चमचा पाजला की मारुतीच्या देवळापासून पाण्याच्या टाकीपर्यंतच्या सगळ्या घरांची नावं घ्यायची, मगच दुसरा. लेकराने ओकलं तर तीच नावं पाचदा घेऊन पुन्हा सुरुवात. आईचं दूध तोडायचं नाही. दिवस उलटला की उरलेलं पाणी मोरीत, कारण त्यातला गुण जातो.

यातला शब्द न् शब्द प्रशिक्षणाच्या पुस्तकातला होता. घरांची नावं तेवढी ममताची. तानाबाईकडे घड्याळ नव्हतं, आणि त्या गल्लीला बरोबर दोन मिनिटं लागत. आपण खोटं काही बोललो नाही, असं ममताने स्वतःला बजावलं, आणि सोयीचं असल्यामुळे ते तिला लगेच पटलंही.

तिचे वडील भीमराज एसटीतून निवृत्त होऊन तिच्याकडेच राहत. भिंतीवर बावीस प्रतिज्ञा लावलेलं घर त्यांचं. त्यांनी हे ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "वा! जलमभर मी लोकायले बुद्धी शिकोली, आन् माही पोरगी सरकारी वैदू झाली. बरं, मोजाचंच हाय त विहारापासून तरी मोज."

"विहारापासून घरं कमी भरते, बाबा. दीड मिनिटच होते."

बंटी बरा झाला. तो बरा होणारच होता. पण तानाबाईने गावभर सांगितलं की शिस्टरच्या हाताले गुण हाय. मग काय विचारता! बाया पुडी दुसऱ्या कुणाच्या हातून घेईनात. शाळेतल्या मुली सोमवारची लोहाची निळी गोळी खिडकीबाहेर थुंकत, त्यांना ममताने जेवल्यावर गोळी आणि तासभर चहा बंद, असं परहेज घातलं. मुली मुकाट्याने गिळू लागल्या. राजूरला दिलेल्या एका लेकीने तर फोन केला, "शिस्टर, हातगुन फोनवरून चालते काय?"

भीमराज वरवर टोमणे मारत राहिले. एकदा मात्र जेवता जेवता थांबले आणि म्हणाले, "माह्या मायले गावच्या विहिरीवर घागर टेकू देत नव्हते. आन् तुह्या हातचं पानी पाहिजे म्हनून लाइन लागून राह्यली." ममताला त्या दिवशी आपल्या हातांचा अभिमान वाटला, आणि त्या अभिमानाची थोडी लाजही वाटली.

मागच्या थंडीत बंटीची धाकटी बहीण खुशी आजारी पडली. वय चौदा महिने. तिची आई सुरभी आणि तानाबाई सकाळीच तिला घेऊन आल्या. ममताने फ्रॉक वर केला आणि घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर श्वास मोजले. बासष्ट. प्रत्येक श्वासाला बरगड्यांखालची कातडी आत ओढली जात होती. न्यूमोनिया, तोही वाढलेला. तिने प्रतिजैविकाचा पहिला डोस पाजला आणि म्हणाली, "आताच्या आता यवतमाळले न्या. हिले ऑक्सिजन लागते. मी गाडी बोलावतो."

"कायले?" तानाबाई म्हणाली. "बंटी तुमच्याच हातानं बरा झाला ना? आता पाजलं तुमी. झालं, उतरते ते. परहेज सांगा."

"याले परहेज नाई, तानाबाई. छाती भरली पोट्टीची."

"तुमचा हात लागला हाय. यवतमाळात अशे हात हायेत काय?"

तानाबाईने शालीत नात गुंडाळली आणि घराकडे निघाली. सुरभी रडवेली होऊन एकदा सासूकडे, एकदा ममताकडे पाहत होती. ममताने फुप्फुसं समजावली, श्वासांचा आकडा सांगितला, शेवटी हात जोडले. जोडलेल्या हातांवरही तानाबाईचा विश्वासच होता. आजवर या गावाने तिचं ऐकलं ते आकड्यांसाठी नव्हे, हे ममताला ठाऊक होतं. हा खड्डा तिनेच खणला होता, आणि त्यात खुशी पडत होती.

"तानाबाई, थांबा," ती ओरडली. बाकावर तीन बाया होत्या, त्यांनीही ऐकलं. "माहा हातगुन गेला. परवा मीच परहेज मोडलं. हात न धुता, शिळं पानी पाजलं एका लेकराले. तवापासून माह्या हातानं कोनाले बरं वाटत नाई."

आठ वर्षांतलं ते तिचं पहिलं धडधडीत खोटं.

तानाबाईने खुशीला छातीशी ओढलं आणि दोन पावलं मागे सरकली. "आन् हे आता सांगता? याच हातानं पाजलं ना पोट्टीले!" मग सुनेवर खेकसली, "पाहून काय राह्यली? गाडी बलाव! आधी हिच्या हाताखालून काढ लेकरू!"

गाडी वीस मिनिटांत यवतमाळच्या रस्त्याला लागली.

खुशी पाच दिवस ऑक्सिजनवर राहिली आणि हसत परत आली. शिस्टरच्या हातानंच पोट्टी बिघडली होती, आपण वेळेवर नेली म्हणून वाचली, असं तानाबाईने गावभर सांगितलं. तिचं सांगणं अर्धं खरं होतं. उपकेंद्राचा बाक रिकामा पडला. लेकरू धापा टाकायला लागलं की लोक आता सरळ गाडी बोलावत, हे ममताला हवंच होतं. तरी रिकामा बाक पाहून तिला रडू येई, हेही खरं.

उन्हाळ्यात हगवणीची साथ आली. घरभेटीला निघालेली ममता तानाबाईच्या ओट्यापाशी थांबली. मांडीवर शेजारणीचं लेकरू, कोपरापर्यंत ओल्या हातात चमचा, आणि तोंडाने मारुतीच्या देवळापासूनची घरं चालू. ममताला पाहताच तानाबाईने ग्लास पदराने झाकला, पण नावं थांबवली नाहीत. ममता घड्याळ पाहून पुढे गेली.

घरी तिने वडिलांना सांगितलं, "दोन मिनिटं बरोबर भरले, बाबा. हातही धुतले होते तिनं, कोपरापासून."

"आन् तुले पाहून ग्लास झाकला?"

"माह्या हाताची गरज नाई राह्यली त्याइले. चांगलंच झालं."

भीमराजांनी भिंतीवरच्या प्रतिज्ञांकडे पाहिलं. मग म्हणाले, "मले एक गिलास पानी दे. तुह्या हातानं."

तहान काही लागली नव्हती त्यांना. तिने ग्लास काठोकाठ भरून दिला.