आगळात राहिलेली कळशी

आई दोन महिने हाकेला ओ देत नव्हती. ऐकू चांगलं येतं, कुकरची शिट्टी तिला बरोबर कळते; पण नावाने हाक मारा, आई म्हणा, ढिम्म. डॉक्टर म्हणाले, विसरण्याचा आजार आहे, हाक मारत राहा. मी मारत राहिले आणि खरं सांगते, चिडतही राहिले.

त्यात तिच्या लग्नातली तांब्याची कळशी काळी पडली. घासायचा मला मनस्वी कंटाळा. गेल्या वर्षीचं खारवलेलं कोकमाचं आगळ खराब झालं होतं. ते टबात ओतलं, कळशी त्यात आडवी केली आणि विसरून गेले.

तिसऱ्या दिवशी दुपारी आठवण झाली. कासाराने टिंबं ठोकून घातलेलं आईचं नाव होतं तिथेच होतं. पण त्याच्या वर, जन्मभर गुळगुळीत पाहिलेल्या जागी, आणखी एक नाव उठलं होतं. तीन अक्षरं, पुसट. नख फिरवलं तर काही लागेना. राखेने घासली, तर अक्षरं जास्तच स्पष्ट झाली. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

शेजारच्या काकांना हाक मारली. त्यांचं सावर्ड्याला लेथचं दुकान होतं.

"अगो, भूत नाय ते," काका म्हणाले. "ठोकलं की खालचं तांबं दबतं. वरून कानस मारून नाव जातं, दबलेलं तसंच राहतं. आंबट-खारट लागलं की तेवढंच आधी खाल्लं जातं."

"पण कानस मारली कोणी?"

"लग्नात नाव बदललं की माहेरची भांडी कासाराकडे जायची. त्यात काय एवढं?"

आईचं माहेर मी पाहिलेलं नाही. तिथलं तुझं नाव काय, असं लहानपणी विचारलं की "ते गेलं," एवढंच म्हणायची. कारण कळलं तरी माझी भीती गेली नाही. इतकी वर्षं आम्ही त्याच कळशीतलं पाणी प्यायलो होतो.

काका गेल्यावर मागीलदारी चिऱ्याच्या पायरीवर बसून मी ती तीन अक्षरं वाचली. हळूच, पण मोठ्याने.

"ओ!" आतून लगेच आलं. "आले, आले!"

धरल्याशिवाय न उठणारी आई भिंतीला हात न लावता भराभर दारात आली. हसत होती. माझ्याकडे नीट निरखून पाहिलं.

"तुम्ही कोणाकडच्या?" तिने विचारलं.

"तुमच्याकडचीच," मी म्हटलं.