जोगेश्वरीतला रूम हीटर

"आईला थंडी वाजते, मॅडम," सावंत म्हणाले.

मी जळका रूम हीटर उलटसुलट करून बघत होते. जोगेश्वरीत रूम हीटर! इथे जानेवारीतही आम्ही पंखा लावून झोपतो.

"आई कुठे आहेत?"

"गावाला. मालवणला."

"कधीपासून?"

"गणपतीपासून," ते म्हणाले आणि जीभ चावली.

मी विमा सर्व्हेअर. क्लेम आला की कंपनी मला पाठवते. काय जळलं, कशानं जळलं ते बघून मी रिपोर्ट देते. पैसे द्यायचे की नाही, ते कंपनी ठरवते. लोकांना मात्र वाटतं, तिजोरीची किल्ली माझ्याच पर्समध्ये आहे.

सावंतांची पॉलिसी घराची होती, म्हणजे राहतं घर आणि त्यातलं सामान. घरात धंदा सुरू केला तर कंपनीला कळवायचं असतं, त्याचं वेगळं कव्हर घ्यायचं असतं. यांनी काहीच कळवलं नव्हतं. आणि या बेडरूममध्ये पलंग-कपाटाबरोबर पुठ्ठ्याच्या थप्प्या आणि काळ्या कापडाचा गठ्ठा जळला होता. साखर वितळून फरशीभर पसरली होती. माझ्या चपला चिकटत होत्या.

हलव्याचे दागिने. बोरनहाणाला बाळाला घालतात, पहिल्या संक्रांतीला सुनेला घालतात, ते. दमट हवेत हलव्याला पाणी सुटतं आणि त्याचा काटा बसतो. म्हणून खोली कोरडी ठेवायला हीटर. तो एका साध्या एक्स्टेन्शन बोर्डावर, दिवसभर. बोर्ड तापला, वायर पेटली.

"हे सगळं कुणासाठी?"

"नातवासाठी, मॅडम. मिसेसला हौस आहे."

"किती नातवंडं?"

"एकच. पण लय लाडका."

सावंतवहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. मला तिथून लवकर निघायचं होतं. खरं सांगते, आणखी काही नजरेला पडू नये असंच वाटत होतं. दोघांच्या गाद्या हॉलमध्ये गुंडाळून ठेवलेल्या, भिंतींचं प्लास्टर उतरलेलं. मी भराभर फोटो काढले, पेन बंद केलं. तेवढ्यात बेल वाजली.

सावंत धावलेच. दारात एक तरुण मुलगी.

"काकू आहेत ना? दागिने न्यायला आलेय."

"इथं काकू-बिकू कोण नाय. राँग घर."

"अहो काका, परवा तुम्हीच तर फोनवर पत्ता सांगितलात!"

"मग जळलं समजा. सगळं जळलं. जा तुम्ही."

मुलगी रडवेली झाली. "उद्या बोरनहाण आहे हो. आता मी कुठे शोधू?"

मी खिडकीतून बाहेर बघत राहिले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, समोरच्या बिल्डिंगची भिंत होती. मागे स्टीलचा डबा उघडल्याचा आवाज झाला.

"तुझा सेट जळला नाय गं," वहिनी म्हणाल्या. "पॅक करून फ्रिजवर ठेवला होता. मुकुट जपून ने, काटे नाजूक असतात."

"थँक्यू काकू! स्कॅनर कुठाय? पैसे पाठवते."

सावंत खुर्चीत बसले. मुलगी गेल्यावर म्हणाले, "वाट लावलीस. दोन मिनिटं थांबली असतीस तर काय झालं असतं?"

"पोराला उद्या तसंच बसवलं असतं का त्यांनी? शब्द दिला होता मी," वहिनी म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "लिहा मॅडम, दिसलं ते लिहा. दागिन्यांचं नको आम्हाला. पण खोलीचं तरी मिळेल ना?"

खोलीलाही धंद्याच्याच हीटरनं आग लागली होती. उत्तर मला माहीत होतं, तरी "कंपनी बघेल" म्हणाले. रिक्षात बसल्यावर स्वतःचाच राग आला, सावंतांचाही आला. सगळ्यात जास्त राग आला त्यांच्या एजंटचा. त्यानं दर वर्षी पॉलिसी रिन्यू केली आणि एकदाही विचारलं नाही, घरात नवीन काय चालू आहे म्हणून.

रिपोर्टमध्ये मी सगळं लिहिलं. कुटुंब तिथेच राहतं, धंदा एका खोलीपुरता आहे, हेही ठळक लिहिलं. उपयोग झाला नाही. क्लेम नामंजूर झाला.

कळवणं माझं काम नव्हे, तरी वहिनींना फोन करून सांगितलं, धंद्याची वेगळी पॉलिसी नव्हती म्हणून क्लेम नाकारला.

"त्या दिवशीच्या मुलीनं फोटो पाठवलेत," वहिनी म्हणाल्या. "पोराला मुकुट बरोबर बसलाय. पुढच्या वर्षीसाठी चार जणींनी आत्ताच विचारलंय. मॅडम, त्या वेगळ्या पॉलिसीचं काय म्हणत होतात?"

मी सांगितलं. घरातल्या धंद्याचं छोटं कव्हर मिळतं, त्यासाठी वायरिंग मात्र नीट करून घ्यावं लागतं.

"एवढंच होतं?" त्यांनी विचारलं.

एवढंच होतं. घराच्या पॉलिसीला तुमची हौस चालते, गिऱ्हाईक चालत नाही. पहिली अनोळखी ऑर्डर आली की आधी एजंटला फोन करा, साखर मग आणा.