चुना नव्हे, खोडरबर

माझी सून गोंडपिपरीत एका फ्लेक्सच्या दुकानात काम करते. वाढदिवस, बारसं, पुण्यतिथी, निवडणूक, सगळ्यांचे फलक ती टॅबवर बनवते आणि दुकानात उरलेलं काम घरी घेऊन येते. त्यामुळे तिच्या मुलाचं, म्हणजे माझ्या नातवाचं लग्न ठरलं तेव्हा मांडवाच्या दारातला फ्लेक्स कोण बनवणार हा प्रश्नच नव्हता. नातू सूरजागडच्या खाणीकडे गाडी चालवतो. त्याने तिकडून फोनवर एवढंच सांगितलं, "फ्लेक्सवर आजोबाचा मोर पायजे. बाकी तुमाले जे टाकाचं ते टाका."

आमच्याकडे लग्नघराची पुढची भिंत रंगवायची पद्धत होती. चुन्याने पांढरी केलेली भिंत, त्यावर गेरू आणि निळीने वधूवरांची नावं, कलश, केळीची झाडं, दोन हत्ती, एखादा बँडवाला. धानाची शेती सांभाळून मी आसपासच्या गावांत हेच काम केलं. हत्ती कोणीही काढायचा. माझ्या हत्तीला तर एका नवरदेवाने डुक्कर म्हटलं होतं. पण मोर माझाच हवा असायचा. मान मागे ताणलेली, अंग धनुष्यासारखं वाकलेलं आणि पिसारा एका बाजूला उधळल्यासारखा. असा मोर दुसऱ्या कोणाच्या भिंतीवर दिसत नसे. मला आजही लोक मोरवाले भाऊ म्हणतात.

आता भिंती कोणी रंगवत नाही आणि माझा हातही हलतो. सून म्हणाली, "टॅबवर काढा, मामाजी. चुकलं तं पुसता येते."

पुसता येतं म्हटल्यावर मी बसलो.

पहिली रेघ चुकली आणि मी सवयीने अंगठा जिभेला लावून काचेवर घासला. आमच्या पिढीची पाटी अशीच पुसली जायची. काचेवरची रेघ तर गेली नाहीच, उलट अंगठ्याएवढा जाड पट्टा मोराच्या पोटातून आरपार गेला.

"थुंकी नका लावू जी, दुकानाचा टॅब होय," सून म्हणाली. "मालक म्हणन, सासऱ्याने चाटला."

मग मी दुसरा उपाय काढला. खालच्या रंगांच्या वाटीतून पांढरा रंग घेतला आणि चुकलेल्या जागी फासला. छान झाकलं गेलं. पुन्हा चुकलं, पुन्हा फासलं. दोन दिवस मी असा खुशीत होतो. तिसऱ्या दिवशी सुनेने मागचा कागद हळदीचा पिवळा केला आणि माझ्या मोराला देवी आल्यासारखे पांढरे डाग दिसायला लागले. जिथे जिथे मी चुकलो होतो तिथे तिथे एक डाग.

"हे काय करून ठेवलं, मामाजी?"

"पुसलं ना."

"हे पुसणं नाई होय. हा चुना होय. तुमी भिंतीवर चुना मारत होते तसा इथीबी मारला." तिने काठावरचं एक चित्र दाखवलं, तिरप्या विटेसारखं. "हा खोडरबर. चुना झाकते, खोडरबर काढून टाकते. याच्यानं पुसलं का मागचा कागद दिसते, मंग तो पिवळा असो का हिरवा."

ती सहज बोलली आणि भाकरी टाकायला गेली. मी मात्र ते डाग बघत बसलो. माझ्या मनातल्या त्या एका चुन्याचं तिला काहीच माहीत नव्हतं.

पुढचे काही दिवस मी खोडरबर शिकलो. त्याचं तोंड लहानमोठं करता येतं हे कळायच्या आधी मी मोराचा डोळा पुसायला गेलो आणि अख्खं डोकं उडवलं. दोन बोटं टेकवली की केलेलं परत येतं, हे कळल्यावर आनंदाच्या भरात इतक्या वेळा बोटं टेकवली की चित्र मागे मागे जात कोरा कागद उरला. एक मऊ खोडरबरही असतो. तो पूर्ण पुसत नाही, फिकं करतो. तो मी पायांवर फिरवला तर मोर ताकात उभा असल्यासारखा दिसायला लागला. सुनेचं हसून हसून पोट दुखलं.

शेवटचा धडा थरांचा. चित्र एका थरावर, नाव दुसऱ्या थरावर, जशा एकावर एक ठेवलेल्या काचा. वरून सगळं एकच दिसतं, पण खोडरबर ज्या काचेवर आपण उभे आहोत तिथलंच पुसतो. हे मला भलत्याच वेळी कळलं. सुनेने मोराखाली ठळक अक्षरांत लिहून ठेवलं होतं, 'मोर: आजोबांच्या हातचा.' ती ओळ मी गुपचूप पुसायला बसलो होतो. ओळ काही जाईना. तिच्यावर आलेली पिसाऱ्याची टोकं मात्र एकेक करून नाहीशी झाली.

सुनेने मागून पाहिलं. "नाव काऊन पुसून राह्यले?"

"असंच."

"असंच कोणी आपलं नाव पुसते का, मामाजी? मी या धंद्यात आहे. लोक नाव मोठं करा म्हणून भांडते."

लग्नाच्या आठवडाभर आधी माझी मोठी बहीण येणार होती. ती त्या फ्लेक्सखालून मांडवात शिरणार आणि ती ओळ वाचणार, एवढीच माझी काळजी होती. कारण तो मोर माझ्या हातचा नव्हता. तिचा होता.

आमचं घर तलावाच्या पाळीला लागून होतं. बाबा तलावात मासे मारायचे आणि पावसाळ्यात धान लावायचे. बहीण, जिला मी बाई म्हणतो, चुलीमागच्या मातीच्या भिंतीवर कोळशाने काहीबाही काढायची. त्यातलं एक चित्र मला आवडलं. मी ते पाटीवर उतरवलं, गुरुजींनी वर्गात फिरवलं, आणि पुढे गावातल्या एका लग्नात मला भिंत रंगवायला बोलावलं. नवरदेवाच्या मामाने विचारलं, "हा मोर कोणाच्या डोक्यातला?" बाई तिथेच गेरूची वाटी धरून उभी होती. मी म्हणालो, "माझ्याच." ती वाटी खाली ठेवून घरी गेली. भांडली नाही, रुसली नाही.

एवढंच असतं तर मी कदाचित विसरलो असतो. पण बाईच्या लग्नाच्या वेळी घराला चुना मारायचं काम माझ्याकडे आलं. पाहुणे चुलीकडे येणार, कोणी मागची भिंत बघणार, माझ्या मोराशी ताडून बघणार, अशी धास्ती मला वाटली. मी तिच्या चित्रावर चुन्याचे दोन हात मारले. मग समोरच्या भिंतीवर तोच मोर काढून खाली माझं नाव लिहिलं. बाई त्याखालून सासरी गेली. मराठीत चुना लावणे याचा अर्थ फसवणे असा का होतो, हे मला कोणी शिकवायची गरज नाही.

बाई आली ती दुपारच्या एसटीने. चहा झाला, सगळ्यांची चौकशी झाली. ती ओसरीत लाखोळीची डाळ निवडत बसली. सून शेजारी टॅब घेऊन पत्त्यातलं शुद्धलेखन बघत होती. सुनेला बाजारात पाठवावं असं आधी मनात आलं. मग वाटलं, चारचौघांत घेतलेलं चारचौघांतच परत द्यावं.

"बाई, एक सांगाचं होतं."

"सांग ना बापू."

"मोराचं."

ती डाळ निवडत राहिली. मी सगळं सांगितलं. गेरूच्या वाटीचं, मामाच्या प्रश्नाचं, चुन्याचं. बोलण्याआधी वाटत होतं त्यापेक्षा ते फार लवकर संपलं. इतकी वर्षं उरात ठेवलेली गोष्ट सुपातली डाळ निवडून व्हायच्या आत सांगून झाली.

सून म्हणाली, "म्हणून नाव पुसून राह्यले होते का?"

बाईने हात झटकले आणि टॅब मागितला. चष्मा कपाळावर सरकवून, टॅब जवळ, लांब, पुन्हा जवळ धरून पाहिला.

"हा मोर होय?"

"मोरच तं होय. तुहा मोर."

"मी मोर कवा काढला, बापू?"

मी टॅबवरच्या पिसाऱ्याकडे बोट दाखवलं.

"मले मोर काढता येत नाई," बाई म्हणाली. "हा आपला बाबा होय."

ती काचेवर बोट ठेवून दाखवू लागली. ही मान नाही, बाबाची पाठ आहे, जाळं फेकताना मागे ताणलेली. हा पिसारा नाही, हवेत उघडलेलं फेकजाळं आहे. काठाचे हे ठिपके म्हणजे जाळ्याच्या शिसाच्या गोळ्या. "तू त्याले डोळे काढले. आन हा तुरा नाई होय, डोक्याले बांधलेल्या दुपट्ट्याचा शेव होय. चोच तं तुह्याच घरची."

मी पाहिलं आणि मला दिसलं. तलावाच्या पाळीवर मी रोज बघितलेला माणूस. त्याला मी चोच लावून गावोगावच्या भिंतींवर उभं केलं होतं, आणि लोकांनी त्याच्याखाली अक्षता टाकल्या होत्या.

"तू बोलली काऊन नाई?"

"काय बोलू? जिथी तिथी लग्नाले गेली का भिंतीवर बाबा, चोच लावलेला. मले मंगलाष्टकात हासू ये. तुह्या भाऊजीले वाटे, हिले लग्न पाहून हासू येते."

सून तोंडाला पदर लावून हसत होती. मीही हसलो. जड काहीतरी उतरल्यासारखं वाटलं, पण बाई हसायची थांबली होती.

"मोराचा मले राग नाई, बापू. चुन्याचा हाये."

बाबा तिच्या लग्नाच्या आदल्या वर्षी तापाने गेले. त्यांचा फोटो नव्हता. फोटो काढायला तेव्हा जिल्ह्याच्या गावी, चांद्याला जावं लागायचं आणि बाबा चांद्याला मासे विकायलासुद्धा जात नसत. बाई रोज चूल पेटवताना त्या भिंतीकडे बघायची. लग्नाच्या गडबडीत चूल दुसऱ्या बायकांनी सांभाळली होती. सासरी जायच्या दिवशी शेवटचं बघून घ्यावं म्हणून ती चुलीमागे गेली, तर तिथे कोरडा, लख्ख पांढरा चुना.

हे मला माहीत नव्हतं. मी नुसता मोर चोरल्याचा हिशेब धरून बसलो होतो आणि खरी चूक तिसरीकडेच होती. माफ कर म्हणायला तोंड उघडलं, तर बाई म्हणाली, "रडू नको. या पाटीवर पुसता येते म्हणते ना तुही सून? मंग पूस."

मी खोडरबर घेतला. थर बरोबर आहे का ते दोनदा पाहिलं. खोडरबराचं तोंड बारीक केलं. बाई सांगत गेली, मी पुसत गेलो. आधी चोच. मग तुऱ्याची दोन पिसं, तिसरं दुपट्ट्याचं टोक म्हणून ठेवलं. मग पायांच्या नख्या. पायांवर मऊ खोडरबर फिरवला, आणि जे पाय ताकात बुडाल्यासारखे दिसत होते ते आता पाण्यात उभे राहिले. मग पिसाऱ्यातले डोळे, एकेक. कुठे पांढरा डाग पडला नाही. खालून पिवळा कागदच दिसत गेला, सकाळच्या तलावासारखा.

अर्ध्यावर हात हलला आणि जाळ्याच्या मधोमध एक भोक पडलं. मी दोन बोटं टेकवायला गेलो तर बाईने माझा हात धरला.

"राहू दे. बाबाच्या जाळ्याले भोक होतंच. आई रोज त्याच्याच नावानं बोंबलत होती."

भोक राहिलं. तोंडाच्या जागी मी काहीच ठेवलं नव्हतं. सुनेने रंग घेऊन दिला आणि तिथे बाईने स्वतः बोट टेकवून नाकाची एक रेघ ओढली. जरा वाकडी आली. आमचं सगळ्यांचं नाक तसंच आहे.

खालच्या ओळीचा प्रश्न उरला. मी म्हणालो, बाईचं नाव लिही. बाई म्हणाली, नाव कशाला, इथी सगळे ओळखते. शेवटी सुनेनेच दोघांकडे बघत टाइप केलं, 'काढणारी: मोठी बहीण. पुसणारा: लहान भाऊ.' दुकानात काम केल्याने तिला कमी शब्दांत भागवायची सवय आहे.

लग्नात लोकांनी विचारलंच. पलीकडच्या गावचा एक म्हातारा काठी टेकत फ्लेक्ससमोर उभा राहिला आणि मला म्हणाला, "मोरवाले भाऊ, मोर कुठी गेला?" मी सांगायला सुरुवात केली, पण गोष्ट लांब होती आणि त्याला भूक लागली होती. बाई मध्येच म्हणाली, "उडाला जी. तुमी जेवून घ्या."

लग्नानंतर फ्लेक्स कोणी धान झाकायला नेतं, कोणी गोठ्यावर टाकतं. हा बाईने मागून घेतला. सुनेने वधूवरांच्या नावांचा भाग कात्रीने कापून ठेवला आणि चित्राची गुंडाळी करून सुतळीने बांधली. मी बाईला एसटीवर सोडायला गेलो. गुंडाळी मी धरतो म्हटलं तर तिने दिली नाही. खांद्यावर टाकून, एक हात वरून धरून, ती गाडीत चढली. बाबा पाळीवरून घरी यायचे ते अगदी तसेच.

"बाई, हे काय होय? याचं लगेज लागन," कंडक्टर म्हणाला.

"जाळं होय," बाई म्हणाली, "फाटकं होय," आणि खिडकीशी जाऊन बसली.