व्यंकटराव थांबले म्हणून

इचोड्यात निवृत्त फौजी सापडला की त्याच्या गळ्यात हार घालायचा आणि हातात माईक द्यायचा, ही गावाची हौसच आहे. यंदा प्रजासत्ताक दिनाला शाळेच्या पटांगणात पाळी आली व्यंकटरावांची. हवाई दलातून निवृत्त होऊन ते गावी परतले त्याला बरीच वर्षं झाली, पण कुणाला शौर्याची एक गोष्ट सांगतील तर शपथ.

सूत्रसंचालन किराणा दुकानदार गोपालकडे होतं आणि स्वारी भलतीच रंगात आली होती. "साहेब, तुमी लढाईत किती जणाले मारलं, ते सांगा ना आमच्या पोरायले!"

"एकालेही नाही," व्यंकटराव म्हणाले.

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं आणि पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या बायकोच्या, वनमालाबाईंच्या, अंगाचा तिळपापड झाला. नवऱ्याची बढती अडली तेव्हा भाऊबंदांनी असेच दात काढले होते. ते सगळं त्यांनी मुकाट सोसलं, कारण बोलायची बंदी होती. पण गेल्या वर्षी नवऱ्याच्या जुन्या वरिष्ठांनीच जाहीर भाषणात सगळी हकिकत सांगून टाकली. आता कुणाच्या बापाला भ्यायचं कारण नव्हतं. पदर खोचून त्या सरळ माईकपाशी गेल्या.

"गोपालभाऊ, मी सांगते. सीमेवर तणाव होता. एका सकाळी यांच्या रडारवर ठिपके उठले. यंत्र म्हणे, पलीकडून अणुबॉम्ब येऊन राह्यले. यांनी नुसतं 'हो' म्हणून वर कळवलं असतं, तर आपलेही सुटले असते. मंग इचोडा काय अन् तिकडलं भैंसा गाव काय, सगळ्यायची राख! हाताखालचे लोक ओरडून राह्यले, कळवा, कळवा. नियमही तोच होता. पण हे थांबले. ठिपके आपल्याकडं येतच नव्हते, चहूकडं पसरत होते. बॉम्ब असा येते का? पाखरं होती ती, दिवस उगवता तळ्यावरून उठलेली. नियम मोडला म्हणून यांची बढती गेली. जाऊ द्या गेली तर! मले या माणसाचा अभिमान आहे."

गोपालचा आवाज पार उतरला होता. "अन् साहेब, पाखरं नसती तर?"

"तर मी चुकलो असतो," व्यंकटराव म्हणाले. "पण एकदा सोडलेलं परत बोलावता येत नाही, गोपाल."

तेवढ्यात भाजीवाल्या रेणुकाबाई उठल्या. त्यांनी साल विचारलं, वनमालाबाईंनी सांगितलं, आणि रेणुकाबाईंनी शेजारी बसलेल्या लेकाचा खांदा धरला. "माहा संतोष तवा सीमेवरच होता वं बाई!"

संतोषही निवृत्त फौजी. गेल्या साली याच माईकवर त्यानं गोळीबाराचे किस्से सांगून टाळ्या घेतल्या होत्या. आई म्हणाली, "पाया पड साहेबाच्या."

तो मंचापाशी गेला, पण वाकला नाही. टाचा जुळवून त्यानं कडक सलाम ठोकला. व्यंकटरावांनी हळूच गळ्यातला हार काढला, ताठ उभे राहिले आणि सलाम परत केला. वनमालाबाई भर पटांगणात रडत होत्या, आणि डोळे पुसायची त्यांना मुळीच घाई नव्हती.