वानखडे साहेबांची हरकत

आमच्या धायरीच्या सोसायटीत लिफ्टमध्ये शिरून पुन्हा बाहेर पडणारा एकच माणूस होता, वानखडे साहेब. ते जिल्हा न्यायाधीश. लिफ्टमध्ये एखादा वकील आला, की साहेब "या, या" म्हणून त्याला जागा करून देत आणि स्वतः बाहेर पडून जिना चढायला लागत. राहायला सहाव्या मजल्यावर, त्यात गुडघे दुखरे. एकदा आमच्याच इमारतीतल्या पाटलांचा जागेचा दावा नेमका त्यांच्या कोर्टात आला. तो दुसऱ्या न्यायाधीशांकडे वर्ग होईपर्यंत साहेबांनी पाटलांबरोबर लिफ्टमध्ये पाऊल टाकलं नाही.

दुसऱ्या मजल्यावर राहणारे पाटील वैतागून म्हणाले, "साहेब, दोन मजल्यांत मी काय लाच देणार तुम्हाला?"

"तुम्ही नाही हो देणार. पण वॉचमन बघतो ना! उद्या तुम्ही जिंकलात तर तो म्हणेल, लिफ्टमध्ये ठरलं."

साहेब मूळचे अमरावतीकडचे. पुण्यातली मराठी त्यांनी बेताबेतानं उचलली होती. रागावले किंवा मायेत आले की वऱ्हाडी बाहेर पडायची. पुण्यात ओळख निघाली की काम सोपं होतं, असा सगळ्यांचा अनुभव. साहेबांकडे उलटा कारभार. कोणी "आपल्या मेहुण्यांचा मी वर्गमित्र" अशी सुरुवात केली की ते हात जोडत. "ओळख निघाली ना? मग आता तुमचं काम गेलं, बाप्पा."

मला हे विक्षिप्त वाटलं नाही. मी हिशेबतपासनीस. आमच्यातही नातेवाइकाच्या कंपनीचे हिशेब तपासायचे नसतात. त्यामुळे आमचं जमलं. ते आमच्या शेजारच्याच फ्लॅटमध्ये. त्यांना मूलबाळ नव्हतं. माझी मुलगी मुक्ता शाळेत होती तेव्हापासून रविवारी त्यांच्याकडे जाऊन भांडायची. विषय कोणताही चाले. ती एखादं विधान करायची आणि साहेब तिची उलटतपासणी घ्यायचे. "तुम्ही स्वतः पाहिलं का? की ऐकीव माहिती आहे?" ती चिडून घरी यायची आणि पुढच्या रविवारी पुन्हा जायची.

मुक्ता पुढे हिंजवडीत एका आयटी कंपनीत लागली. रोजचा प्रवास नको म्हणून बाणेरला फ्लॅट भाड्यानं घेतला, रेवती नावाच्या मैत्रिणीबरोबर. शनिवार-रविवारी दोघीही आमच्याकडे यायच्या. रेवती नागपूरची, बोलकी. साहेबांशी तिचं गावाकडच्या बोलीत छान जमायचं. मला वाटे, बरी रूम पार्टनर मिळाली.

अशाच एका शनिवारी मी दूध घेऊन लिफ्टमध्ये शिरलो. आत साहेब होते. मी म्हटलं, "काय साहेब, आज लवकर?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चेहरा पडला. "या, या," म्हणाले, आणि बाहेर पडून जिन्याकडे गेले.

मी लिफ्टमध्ये तसाच उभा राहिलो. माझा कोणाशी दावा नव्हता. घरी आलो आणि गंमत म्हणून सांगितलं, "अगं, आपल्यावर कोणी केस केली आहे की काय? साहेब मला पाहून उतरले!"

पत्नी सुनंदा हसली. टेबलाशी बसलेल्या मुक्तानं हातातला चहा खाली ठेवला. रेवतीनं तिच्याकडे पाहिलं.

"बाबा," मुक्ता म्हणाली, "केस आमची आहे."

दोघींनी विवाह नोंदणी कार्यालयात लग्नासाठी अर्ज केला होता. एकमेकींशी. अधिकाऱ्यानं नकार दिला, म्हणून जिल्हा न्यायालयात अपील केलं होतं. ते साहेबांच्या टेबलावर जाईल हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. निकाल लागला की आम्हाला सांगणार होत्या. म्हणजे कोर्ट हो म्हणालं असतं तर.

मी दुधाची पिशवी फ्रिजमध्ये ठेवायची ती ओट्याखालच्या कपाटात ठेवली. सुनंदा सावरून एवढंच म्हणाली, "मला शंका होती. पण लग्नापर्यंत?"

त्या आठवड्यात मी साहेबांची बेल वाजवली. काय मागायला गेलो होतो, हे माझं मलाच नीट माहीत नव्हतं. दाराची साखळी न काढता ते फटीतून म्हणाले, "लिमये, बोलू नका. तुम्ही एक शब्द बोललात तर मला तो कोर्टात सांगावा लागेल. घरी जा."

तारखेला मी शिवाजीनगर कोर्टात गेलो. मुली पुढच्या बाकावर. मी मागे, दाराजवळ. पुकारा झाल्यावर साहेब म्हणाले, "अपील करणाऱ्यांपैकी एक माझ्या शेजाऱ्यांची मुलगी आहे. प्रकरण दुसऱ्या न्यायालयाकडे वर्ग व्हावं."

मुलींच्या वकीलबाई लगेच उठल्या. "आमची हरकत नाही, साहेब. आपणच ऐकावं."

सरकारी वकीलही भला माणूस. "आमचीही नाही, साहेब. शेजारी तर सगळ्यांनाच असतात."

कोर्टात हशा पिकला. साहेब हसले नाहीत. "तुमची नसेल. माझी आहे. नुसती ओळख नाही, या प्रकरणात माझं मत आधीच झालेलं आहे."

मुक्ताचा चेहरा मला मागून दिसत नव्हता. तिची मान तेवढी खाली गेली. आधीच झालेलं मत म्हणजे काय, हे मी तिथेच ठरवून टाकलं. एवढा कडक, जुन्या वळणाचा माणूस! दुसरं काय असणार?

प्रकरण दुसरीकडे गेलं आणि फेटाळलं गेलं. कायद्यात पुरुष आणि स्त्री असं लिहिलं आहे, असं निकालात म्हटलं होतं. मुली बाणेरला परतल्या. नातेवाइकांना आम्ही सांगत राहिलो, मुक्ता सध्या लग्नाचं मनावर घेत नाही.

साहेब निवृत्त झाले. एका सकाळी स्वतःहून आमच्याकडे आले, खुर्चीत बसले. मी रागातच होतो. विचारलं, "आता तरी सांगा. आपण अपील फेटाळलंच असतं ना?"

"मंजूर केलं असतं."

मी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"फाइल उघडायच्या आधीच मंजूर केलं होतं. नाव वाचलं तेव्हाच. म्हणून तर सोडलं."

"अहो, पण कोणाची हरकत नव्हती! एक सही केली असतीत तर माझ्या मुलीचं आयुष्य..."

"आणि जग काय म्हणालं असतं? शेजाऱ्याच्या ओळखीनं लग्न लावून घेतलं. तिच्या लग्नाला ओळखीचा डाग काहून लावू मी?" ते थांबले. मग हळू म्हणाले, "एक विचारू, लिमये? त्या दिवशी तुम्ही मागे दाराशी बसला होता. कोणाच्या बाजूचे होता?"

मी म्हटलं, "मी कोणाच्याच नाही. मला दोन्ही बाजू ऐकायच्या होत्या."

"ते काम माझं होतं. मला त्याचा पगार होता. तुम्हाला कोणी नेमलं होतं?"

सुनंदानं चहा आणला. पुण्यात बदली होऊन आल्यापासून पहिल्यांदाच साहेबांनी आमच्याकडचा चहा घेतला.

पुढच्या हिवाळ्यात ते गेले. सकाळी फिरायला गेले असताना हृदय बंद पडलं. सोसायटीच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. मुक्ता आणि रेवती शेजारी शेजारी बसल्या होत्या. अध्यक्ष म्हणाले, "वानखडे साहेबांनी आयुष्यात कधी कोणाची बाजू घेतली नाही." पाटलांनी मान डोलावली. अध्यक्षांनी विचारलं, आणखी कोणाला दोन शब्द बोलायचे आहेत का?

मी उठलो. सभेत बोलायची मला सवय नाही.

"अध्यक्षांचं म्हणणं दुरुस्त करायचं आहे," मी म्हटलं. "साहेबांनी एकदा बाजू घेतली होती, आणि घेतली म्हणून खुर्ची सोडली होती. माझ्या मुलीची बाजू. तिला रेवतीशी लग्न करायचं होतं. अजूनही करायचं आहे. मीही त्याच बाजूचा आहे."

पाटील माझ्याकडे आ वासून बघत होते. मी माझी खुर्ची उचलली आणि मुलींच्या शेजारी नेऊन मांडली.